कथकच्या वर्गासाठी स्वतः बांधलेला स्प्रंग फ्लोअर: एक पावसाळा काढल्यानंतर

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या कथकच्या वर्गात आता स्प्रंग फ्लोअर आहे, म्हणजे पायाच्या ठोक्याखाली किंचित दबून हादरा शोषणारी लाकडी जमीन. तो कुठल्या कंपनीकडून बसवून घेतलेला नाही. टिंबर एरियातून प्लाय आणला आणि नेहमीच्या सुतारमिस्त्रींना हाताशी घेऊन आम्हीच बांधला. एक अख्खा पावसाळा त्याने काढला, त्यामुळे आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल. नृत्य शिकवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. आपल्याकडे शाळेचा हॉल असो की मंगल कार्यालय, पायाखाली शहाबादी, कोटा नाहीतर टाइल्सच असतात, आणि त्याखाली काँक्रीट. अशा जमिनीवर आठ वर्षांची मुलगी चौगुनीत, म्हणजे चौपट लयीत, तत्कार (पायाने बोल वाजवणं) करते तेव्हा प्रत्येक ठोक्याचा हादरा तिच्याच टाचेत, नडगीत आणि गुडघ्यात परत जातो. गांधर्व महाविद्यालयाच्या नृत्याच्या परीक्षा जवळ आल्या की रियाज वाढतो आणि नडगी दुखण्याच्या तक्रारी सुरू होतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

रचना साधी आहे. आमची खोली २४ बाय १६ फूट, खाली जुनी शहाबादी. फरशीतली ओल वर येऊ नये म्हणून आधी जाड प्लास्टिक अंथरलं. त्यावर १२ एमएम प्लायचा पहिला थर. या प्लायच्या खालच्या बाजूला एक इंच जाडीच्या फोमचे तीन इंची चौकोनी तुकडे साधारण नऊ-नऊ इंचांवर चिकटवलेले. वर १२ एमएमचाच दुसरा थर, पहिल्याला आडवा आणि सांध्यावर सांधा येणार नाही असा. दोन्ही थर एकमेकांना स्क्रूने जोडले, पण फरशीला किंवा भिंतीला एकही खिळा मारला नाही. चारी बाजूंनी अर्धा इंच जागा सोडली. प्लाय पावसाळ्यात फुगतो, त्याला सरकायला वाव हवा. ही फट झाकणारी पट्टी भिंतीला ठोकायची, प्लायला नाही. मिस्त्रींना हे पटवायला वेळ लागला, कारण त्यांचा हात घट्ट बसवण्याचा आणि इथे सगळं काम मोकळं ठेवण्याचं.

सगळा गुण फोममध्ये आहे. इथे कुणी काही सांगितलं तरी ऐकू नका. एका दुकानात मला सोफ्याचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम मोठ्या आग्रहाने दाखवला, ‘मॅडम, हाच मऊ लागतो’ म्हणून. मऊ लागतो हे खरं, पण प्लायच्या आणि माणसांच्या वजनाखाली तो काही महिन्यांत चपटा होतो आणि पाणीही पितो. आपल्याला हवा चपलांच्या तळव्याला वापरतात तसला ईव्हीए फोम. त्यातली छिद्रं बंद असतात, म्हणून तो पाणी शोषत नाही. एक तुकडा फरशीवर ठेवून त्यावर टाचेने पूर्ण भार द्या. तो थोडा दबला पाहिजे आणि पाय उचलल्याबरोबर मूळ जाडीला आला पाहिजे. दबलाच नाही तर तो फार कडक आहे, आणि दबून राहिला तर घेऊ नका. आम्हाला सातशेच्या वर तुकडे लागले. मोठ्या मुलींनी कटर आणि लोखंडी पट्टी घेऊन ते कापले. चिकटवायला सनमायकाला लावतात तो रबरी गोंद वापरला. शहाबादीला जिथे खड्डा होता तिथे फोमखाली पातळ प्लायच्या चकत्या सारून उंची सारखी केली. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. एक तुकडा जरी अधांतरी राहिला तरी तेवढी जागा पायाला पोकळ लागते.

प्लाय घेताना एमआर ग्रेड (फक्त दमटपणा सोसणारा) नको. किमान आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) घ्या, खिसा परवानगी देत असेल तर आयएस ७१० चा मरीन. शिक्का प्रत्येक शीटवर बघा, बिलावर नाही. शिवाय बोटाच्या पेराने ठोकून बघा. आत पोकळी राहिलेली शीट तिथे वेगळी वाजते, आणि तत्काराच्या माऱ्यात ती जागा आधी मोडते. आम्ही जिथून घेतला त्या दुकानदारांनी शीटा एकेक करून ठोकू दिल्या, दोन मी बाजूला काढल्या तर तोंड वाकडं न करता बदलून दिल्या, अर्ध्या शीटा मशीनवर अचूक कापून छोट्या हत्तीत (छोट्या टेम्पोत) भरून दिल्या. या सेवेचं मला मनापासून कौतुक आहे. स्क्रू मात्र मोजून घ्या. दोन्ही थर मिळून २४ एमएम होतात. सर्रास मिळणारा इंची स्क्रू खालून बाहेर डोकावतो, म्हणून पाऊण इंची हवा.

आवाजाचं काय, ही माझी मोठी काळजी होती. कथकला नुसता मऊपणा नको, बोल ऐकू आले पाहिजेत. कोड्याच्या तुकड्यांसारख्या एकमेकींत अडकणाऱ्या फोमच्या मॅट अंथरून बघा: पाय बचावतो, पण ‘ता थेई थेई तत्’ गिळलं जातं, आणि चक्कर घेताना तळवा चिकटून गुडघ्याला पीळ बसतो. लॅमिनेट फ्लोअरिंग दिसतं लाकडासारखं, पण त्याखाली जेमतेम दोन-तीन एमएमचा फोम असतो, म्हणजे पायाला काँक्रीटच. आमच्या जमिनीवर नुसता पहिला थर असताना फोमवर एक नाद आणि दोन फोमच्या मध्ये दुसरा, तबल्याच्या चाटीवर आणि शाईवर यावा तसा, येत होता. दुसरा थर बसला आणि खोलीभर नाद एकसारखा झाला. टाच आणि पंजा वेगवेगळे ऐकू येतात. फरशीपेक्षा आवाज खोल आहे, थोडा घुमतोही, पण घुंगरांखाली तो छान भरतो. क्रीडागृहांच्या जमिनींसाठी युरोपात ईएन १४९०४ हे मानक आहे आणि त्यात जमिनीने धक्क्याचा किमान २५ टक्के भाग शोषावा अशी अट आहे. ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. यंदा परीक्षेच्या आधी नडगीला बर्फ लावून बसलेली मुलगी क्वचितच दिसली, माझ्याकडे पुरावा आहे तो एवढाच.

दोन थरांमध्ये मी फेविकॉल लावू दिला नाही, आणि याचं कारण कृष्णा नदीचा पूर. आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि गावभागात घराघरांत शिरलं होतं. चिकटवलेली जमीन अशा वेळी जागेवरच कुजणार. स्क्रूवर असली की इशारा पातळीची बातमी येताच ड्रिल उलटं फिरवायचं आणि शीटा फोमसकट वरच्या मजल्यावर न्यायच्या. एक शीट दोघींना उचलते. म्हणूनच प्रत्येक शीटवर मागच्या बाजूने नंबर घातले आहेत. विश्रामबागेसारख्या नदीपासून लांबच्या भागात किंवा वरच्या मजल्यावर वर्ग असेल तर खुशाल गोंद लावा, कारण गोंद नसल्याची किंमत मोजावी लागते: दोन प्लाय एकमेकांवर घासून कुरकुरतात. आमच्याकडे खिडकीजवळ ती कुरकुर आहे. तिथे जास्तीचे स्क्रू मारले, कमी झाली, पूर्ण गेली नाही.

बाकीच्या अडचणी लहान. जमीन सुमारे दोन इंच वर येते. दार खालून कापावं लागतं आणि उंबऱ्याशी उतार द्यावा लागतो, नाहीतर मुलं अडखळतात. वरचे सांधे लांबी (पुट्टी) भरून घासून घ्या, अनवाणी पायात कूस जाण्याची भीती तिथेच असते. वर बिनचकाकीचं पीयू पॉलिश मारलं आहे. चकचकीत पॉलिश घामाने निसरडं होतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. पाश्चात्त्य नृत्याचा वर्गही चालवत असाल तर व्हिनाइलचा रोल अंथरा, पण कथकच्या वेळी गुंडाळून ठेवा.

खर्च मजुरीसकट चौरस फुटाला पावणेतीनशेच्या आसपास, म्हणजे एकूण लाखाच्या थोडं वर. त्यातला निम्म्याहून जास्त प्लायचा. पैसे कमी पडत असतील तर खोलीचा अर्धाच भाग करा, पण दोन थर आणि चांगला फोम ठेवा. पुसताना फडकं घट्ट पिळून घ्या, आणि महिन्यातून एकदा सगळ्या जमिनीवरून तळहात फिरवा: वर आलेला स्क्रू डोळ्यांच्या आधी हाताला सापडतो.