पादुआतला शोक की माद्रिदमधला?

युरोपच्या एका फेरीत येशूच्या मृत्यूनंतरच्या शोकाचं एकच मोठं चित्र निवांत पाहायचं असेल, तर बहुतेकांची गाडी दोन नावांवर येऊन अडते. इटलीतल्या पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमधलं चित्रकार जोत्तोचं भित्तिचित्र (१३०५ च्या सुमाराचं) आणि माद्रिदच्या प्रादो म्युझियममधलं चित्रकार रोजिए व्हान डर वेडनचं, येशूला क्रुसावरून उतरवतानाचं (१४४३ पूर्वीचं).

जोत्तो लांबूनच पोचतो. उजवीकडून उतरत येणारा खडकाचा कडा नजरेला सरळ मरिया आणि येशूच्या चेहऱ्यांपाशी आणून सोडतो. पुढे दोघीजणी पाठमोऱ्या बसल्या आहेत. त्यांचे चेहरे दिसत नाहीत आणि सगळ्यात जड दुःख त्या पाठींतच आहे. मरियेच्या झग्यात मात्र निळा शोधू नका. अझुराइट हा निळा खनिज रंग ओल्या गिलाव्यात नीट बसत नाही, म्हणून तो गिलावा सुकल्यावर चिकट माध्यमातून लावत. असा थर पुढे पापुद्रे सुटून गळतो.

रोजिएचं चित्र ओकच्या फळ्यांवर तैलरंगात आहे, उंचीला सुमारे दोन मीटर. आजच्या बेल्जियममधल्या लूव्हेन शहराच्या धनुर्धाऱ्यांच्या संघाने ते करवून घेतलं, म्हणून वरच्या कोपऱ्यांतल्या नक्षीत चिमुकली धनुष्यं लटकवलेली आहेत. सोनेरी, उथळ कोनाड्यात दहा माणसं कोंबली आहेत. बेशुद्ध पडणाऱ्या मरियेच्या देहाचं वळण हुबेहूब येशूच्या देहाचं आहे: मुलाचं मरण आईच्या अंगावर उमटावं, हीच इथली भक्ती. तिचा पाय वाजवीपेक्षा लांब आहे, कारण क्रुसाचा पाया आणि शिडीचं टोक त्याआड झाकायचं होतं. एकदा कळलं की खटकतं खरं, पण चित्र त्याने पडत नाही. आणि गालांवरचे अश्रू! प्रत्येक थेंबाला स्वतःचा उजेड आहे. छापील प्रतीत हे सगळं सपाट होतं.

निवड व्हायला एक कटकट पुरते, आणि ती पादुआत आहे. तिथे आधी पंधरा मिनिटं हवामान-नियंत्रित खोलीत बसायचं, मग चॅपेलमध्ये साधारण पंधराच मिनिटं. आतली दमट हवा भित्तिचित्रांना मारक आहे, त्यामुळे नियमाला नावं ठेवता येत नाहीत. पण चाळीसेक प्रसंग, छत आणि मागच्या भिंतीवरचं ‘शेवटचा न्याय’ हे भलंमोठं चित्र एवढं समोर असताना शोकाच्या चित्राला दोन-तीन मिनिटं मिळाली तरी नशीब. डोळा स्थिरावतो तोवर बाहेर पडायची हाक येते. शोकाचं चित्र घड्याळाकडे बघत पाहणं निदान मला तरी जमत नाही. प्रादोमध्ये रोजिएपुढून कोणी हाकलत नाही. फोटो काढायला बंदी आहे, तेही एका अर्थी बरंच.

तरीही व्हेनिसला जाणारच असाल तर पादुआ टाळू नये. रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपासचं अंतर आहे. तिकीट वेळेसकट आधीच काढा. आत शिरल्यावर छत नंतर बघा, आधी खिडक्या नसलेली भिंत गाठा: प्रसंगांच्या सर्वांत खालच्या ओळीत हे चित्र आहे. घरून निव्वळ या एका विषयासाठी निघणार असाल, तर मी माद्रिदचं तिकीट सुचवेन. फक्त संध्याकाळच्या फुकट प्रवेशाच्या वेळी जाऊ नका, तेव्हा रांग आणि गर्दी दोन्ही असतात. सकाळी दार उघडताच आधी इथेच या, बाकीचं म्युझियम नंतर.