जुने प्लगइन ६४ बिट करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका, माझे १९,६०० गेले

लिहायला लाज वाटायलीय पण लिहितोच, कारण आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरातच भजन-आरत्यांचं रेकॉर्डिंग करणारे बरेच आहेत आणि सगळ्यांकडं तेच जुने ३२ बिट प्लगइन आहेत, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे वाद्यांचे, इफेक्टचे छोटे प्रोग्रॅम, जे आताच्या बऱ्याच ६४ बिट सॉफ्टवेअरमध्ये थेट चालत नाहीत. माझा तानपुऱ्याचा प्लगइन विंडोज एक्सपीच्या काळातला, बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. नवा लॅपटॉप घेतला, विंडोज ११, त्यात क्यूबेस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, आणि क्यूबेसनं २०१६ ला ९ व्हर्जनपासनंच ३२ बिट बंद केलंय. मंडळाचं काम अर्धवट, जुना पीसी भंगारात घातलेला. घालू नका कुणी, मी तिथंच चुकलो.

त्यात हा "६४ बिट करून देतो" म्हणणारा भेटला. गोड मराठी, कोल्हापूरकडचं बोलणं. आधी १,५०० ॲडव्हान्स, मग ९ प्लगइनचे ७०० प्रमाणे ६,३००. एनीडेस्कवरनं, म्हणजे लांबनं दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायच्या ॲपवरनं, माझ्या लॅपटॉपमध्ये आला, रीपर हे रेकॉर्डिंगचं दुसरं सॉफ्टवेअर टाकलं आणि तानपुरा वाजवून दाखवला. वर्षभरानं तो आवाज ऐकला आणि खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं माझ्या.

आणि इथंच मला कळायला पाहिजे होतं! लिस्टमध्ये प्लगइनच्या नावापुढं कंसात एक्स८६, म्हणजे ३२ बिटच, लिहिलेलं, म्हणजे कन्व्हर्ट बिन्व्हर्ट काही नाही, रीपर स्वतःच ३२ बिट प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो, ते तर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं. मी ते वाचलं, बोट ठेवून विचारलं पण, तो म्हणाला "सर ते जुनं नाव राहिलंय" आणि मी गप्प बसलो. सोर्स कोड, म्हणजे बनवणाऱ्यानं लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, असल्याशिवाय ३२ चं ६४ होत नाही हे मला माहीत होतं वो, पण मंडळाची तारीख डोक्यावर होती, कुणीही फसला असता.

क्यूबेसमध्ये काही दिसेना म्हटल्यावर "लायसन्स ट्रान्स्फर डिपॉझिट" ११,८००, परत मिळणार म्हणे. तेही पाठवले. त्याच रात्री फाइल बघितल्या तर जुनी आणि "नवी" दोन्हींची साइज बाइटला बाइट तीच, नावाच्या शेवटी फक्त ६४ लावलेलं. फोन बंद.

लाजेपोटी तीन दिवस घालवले. तुम्ही घालवू नका, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, पैसे पुढं सरकायच्या आत.

बँकेत म्हणाले पिन तुम्हीच टाकलाय. पोलीस ठाण्यात गेलो तर प्लगइन म्हणजे गेम काय, असं विचारायलेत! मराठीत लिहिलेली तक्रार परत दिली, कन्नडमध्ये आणा म्हणे, बाहेर टायपिंगवाल्याला १५० दिले. ती घेऊन गेलो तर आता नंबर महाराष्ट्रातला आहे, तिकडं जावा. तिकडं गेलो तर तुम्ही कर्नाटकचे, तिकडंच द्या. आयुष्यभर सीमेवर हेच ऐकतोय आम्ही, निदान चोरीला तरी हद्द लावू नका की! गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवायला लागतोय, कायदाच आहे तसा, पण ऐकतंय कोण. चार हेलपाटे झाले.

क्यूबेसमध्येच पाहिजे असेल तर जेब्रिज आहे, ३२ बिट प्लगइन ६४ बिट सॉफ्टवेअरमध्ये चालवून देणारा प्रोग्रॅम, थोडक्या पैशात येतो. नाहीतर जुना पीसी चालू आहे तोवर सगळे ट्रॅक ऑडिओ फाइल करून ठेवा, म्हणजे प्लगइन नसला तरी वाजतील, इन्स्टॉलर आणि सिरीयल नंबर पेनड्राइव्हवर. आणि अनोळखी माणसाला एनीडेस्क देऊ नका, त्या रात्री मी सगळे पासवर्ड बदलत बसलोय.

काल मंडळाचे काका दारात आले, "बाळा, आमच्या आरत्यांचं काय झालं?" त्यांचे ५,००० माझ्याकडं आगाऊ आहेत. रीपरमध्ये पहिल्यापासनं परत लावायलोय सगळं, सातातल्या दोन झाल्यात.