चितारओळीत रंगवून घेतलेला अबलख घोडा

गणपती आणि दुर्गेच्या मूर्ती घडवणारी नागपुरातील चितारओळीतली एक कार्यशाळा हंगाम नसताना घोड्यांच्या प्रतिकृतीही रंगवून देते. अशा प्रतिकृती जमवण्याचा आणि नव्याने रंगवण्याचा छंद असलेल्या मंडळींनी तिचा लाभ अवश्य घ्यावा, मात्र काम सोपवताना काही अटी आधीच घालाव्यात, असे माझे मत झाले आहे.

मी दिलेला घोडा ब्रेयर या अमेरिकी कंपनीचा, ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे १:९ प्रमाणाचा होता. या मापाचे घोडे सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचे असतात. ते उष्णता देऊन वाकवता येते, कापता येते आणि त्यावर इपॉक्सी पुटी (दोन भाग मळून लावायची, नंतर कडक होणारी लुगदी) घट्ट बसते. परंतु ॲसिटोन लागताच ते विरघळू लागते. मूर्तिकामात स्प्रेगन धुण्यासाठी थिनर सदैव हाताशी असल्याने आणि त्यात बहुधा ॲसिटोन असल्याने, जुना रंग केवळ पॉलिश पेपरने घासूनच काढावा, ही माझी पहिली अट होती आणि ती काटेकोरपणे पाळली गेली.

मला मारवाडी घोडा हवा होता. त्याचे कान आत वळून टोकाशी एकमेकांना जवळजवळ भिडतात, आणि या कानांतच कार्यशाळा कमी पडली. तारेवर पुटी चढवून केलेले कान इतके जाड झाले की ते मला घरी घासून पातळ करावे लागले. आयाळीसाठी त्यांनी मूर्तींना लावतात ते केस सुचवले, पण या प्रमाणाला ते फार राठ दिसले असते. त्यामुळे आयाळ पुटीचीच ठेवली. घडणीचे काम स्वतःकडे ठेवून केवळ रंगकाम त्यांच्याकडे द्यावे, हे उत्तम.

रंगकाम मात्र अप्रतिम आहे. पोटाखालच्या आणि सांध्यांजवळच्या छटा स्प्रेने इतक्या हळुवार उतरवल्या आहेत की रंग कोठे बदलतो ते सांगता येत नाही, आणि अबलख घोड्याच्या पांढऱ्या डागांच्या कडा सरळ रेषेने न तोडता बारीक ब्रशने केसागणिक मिसळल्या आहेत. पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते हे लक्षात ठेवून नाकपुड्यांभोवती तशी झाक दिली आहे. पांढऱ्या पायांचे खूरही फिकट ठेवले आहेत. (तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवणारे हात आहेत हे, जनावराची जाण असणारच!)

डोळे मात्र प्रथम देवाचे झाले होते: भरपूर पांढरे बुबुळाभोवती, मध्ये गोल काळी बाहुली, कोपऱ्यात लाल रेघ. घोड्याच्या डोळ्यात पांढरा भाग सहसा फारसा दिसत नाही आणि बाहुली आडवी, लांबट असते. छायाचित्र दाखवताच कारागिरांनी कुरकुर न करता डोळे पुन्हा रंगवले. चकाकीचेही तसेच: मूर्तीची सवय असल्याने ते अंगभर चमकदार वॉर्निश मारू पाहतात. अंगाला मॅट आणि फक्त डोळ्यांना व नाकपुड्यांच्या आतल्या भागाला चमक, असे लिहूनच द्यावे.

एवढ्या बारकाव्याच्या कामासाठी मोजलेले १,८०० रुपये मला रास्त वाटले. पोळ्यापासून नवरात्रापर्यंत तेथे कोणी उभेही करत नाही, तेव्हा दिवाळीनंतर जावे. उन्हाळ्यात काम दिलेच, तर घोडा परत आणताना बंद गाडीत ठेवू नये. नागपूरच्या मे महिन्यात असे प्लास्टिक आपल्याच भाराने पायांत वाकू शकते.