मधला की कडेचा? पास रश उभारताना पहिला डाव कोणावर लावायचा

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये २८ ऑगस्ट २०२५ ला डॅलस काउबॉइजनी मायका पार्सन्सला ग्रीन बे पॅकर्सच्या हवाली केलं. बदल्यात मिळाल्या ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजमधून नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि केनी क्लार्क. पार्सन्स हा कडेवरून येणारा, आजच्या घडीचा सगळ्यांत भेदक रशर (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) म्हणावा अशांपैकी एक. क्लार्क मधोमध पाय रोवून उभा राहणारा डिफेन्सिव्ह टॅकल. पॅकर्सनी पार्सन्सला लगेच चार वर्षांसाठी १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार दिला. इकडे डॅलसने नोव्हेंबरमध्ये जेट्सकडून क्विनन विल्यम्सला आणलं. तोही मधलाच, आणि त्याच्यासाठी पुन्हा पहिल्या फेरीची एक निवड मोजली. म्हणजे एका टीमने कडेचा माणूस देऊन मधली फळी उभी केली, दुसरीने मधला देऊन कडेचा घेतला. दोन्ही बाजूंना आयुष्यभर हाच धंदा केलेली माणसं बसलेली आहेत.

ड्राफ्ट जवळ आला की आपल्याकडच्या गप्पांतही हाच प्रश्न येतो. टीमकडे पहिल्या फेरीची एकच निवड आहे, किंवा मोठा करार एकालाच देता येणार आहे, तर कोण घ्यावा? माझं मत आधीच सांगतो. खराखुरा मधला रशर समोर असेल तर डोळे झाकून तो घ्यावा. मधला नुसताच चांगला असेल तर मात्र कडेचा घ्यावा. असं का, ते पुढे सांगतो.

आधी जागा स्पष्ट करू. आक्रमणाच्या ओळीत पाच जण असतात. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही हातांना गार्ड आणि टोकांना टॅकल. सेंटर आणि गार्डच्या समोर उभा राहतो तो मधला. त्यातही गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर उभा राहणारा, ज्याला थ्री-टेक्निक म्हणतात, तो पास रशचा खरा मानकरी. टॅकलच्या बाहेरून येतो तो एज रशर. काही टीम त्याला डिफेन्सिव्ह एंड म्हणतात, काही आउटसाइड लाइनबॅकर. काम तेच.

वाट आणि वेळ

शॉटगनमध्ये, म्हणजे मागे उभं राहायच्या मांडणीत, क्वार्टरबॅक स्नॅप (सेंटरने मागे दिलेला चेंडू) घेतो तेव्हाच पाच यार्ड मागे असतो. दोन-तीन पावलं मागे सरकला की अंतर सात-आठ यार्डांवर जातं. चेंडू हातातून सुटायला सरासरी पावणेतीन सेकंदांच्या आसपास लागतात. ईएसपीएनचा पास रशचा हिशोबही अडीच सेकंदांवर बेतलेला आहे: तेवढ्यात रशरने ब्लॉकरला हरवलं तर तो जिंकला.

या अडीच सेकंदांत कडेच्या माणसाला टॅकलला वळसा घालून, खांदा जमिनीकडे झुकवून, वेग न सोडता आत वळायचं असतं. ते जमलं तर क्वार्टरबॅकला पत्ता लागायच्या आत मागून हात येतो आणि चेंडू गळतो. मधल्याची वाट सरळ आणि आखूड आहे, पण तिथे गर्दी फार. गार्ड समोर असतोच आणि शेजारचा सेंटर बहुतेक वेळा मोकळा असतो, तो लगेच मदतीला येतो.

क्वार्टरबॅकच्या पायांकडे पाहिलं की फरक आणखी कळतो. कडेवरून दाब आला की त्याच्याकडे शिकवलेला उपाय तयार असतो: एक पाऊल पुढे टाकायचं. दोन्ही टॅकल रशरला मागे, लांब ढकलून देतात आणि मधल्या पोकळीत तो निवांत उभा राहतो. कडेचे दोघे त्याच्या पाठीमागून वाऱ्यासारखे निघून जातात. पण गार्डच उलटा चालत त्याच्या अंगावर येत असेल तर पुढे जायला जागा उरत नाही, फेकताना पुढचा पाय नीट टाकता येत नाही आणि समोर उंच हातांची भिंत उभी राहते. टॉम ब्रॅडीसारख्या जागेवर उभं राहून खेळणाऱ्या क्वार्टरबॅकला सगळ्यांत जास्त त्रास झाला तो याच दाबाचा.

सुपर बोल ४२, म्हणजे लीगचा अंतिम सामना, आठवून बघा. ब्रॅडीचे पेट्रिअट्स १८ सामने जिंकून, एकही न हरता आले होते. समोरच्या जायंट्सचा बचाव प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्नुओलो याने आपल्या चार जणांची जी मांडणी केली तिचं मर्म हे होतं, की जस्टिन टक हा मुळात कडेचा माणूस पासच्या डावांत आत, गार्डसमोर उभा राहायचा. गार्डला जड माणसाशी रेटारेटीची सवय. टकच्या चपळाईपुढे त्यांची भंबेरी उडाली. ब्रॅडी पाच वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला, त्यात टकचे दोन. शेवटच्या मोक्याच्या ड्राइव्हमधला सॅक जे अल्फर्ड नावाच्या नवख्या डिफेन्सिव्ह टॅकलने थेट मधून घुसून केला. निकाल १७-१४. स्पॅग्नुओलो पुढे कॅन्सस सिटीला गेला आणि तिथे त्याच्या बचावाचा कणा झाला क्रिस जोन्स, म्हणजे पुन्हा मधलाच. मला यात योगायोग दिसत नाही.

कडेच्या बाजूने

कडेच्या माणसाची बाजू मात्र फार भक्कम आहे, आणि मधल्याचे चाहते ती लपवतात. गाजलेले आकडे बघा. मायकेल स्ट्रॅहनने २००१ मध्ये केलेले २२.५ सॅक आणि २०२१ मध्ये टी. जे. वॅटने त्याच्याशी केलेली बरोबरी, दोन्ही कडेवरून. मधल्यांमध्ये ॲरन डोनल्डचे २०१८ चे २०.५ आणि त्याच्या आधी कीथ मिलार्डचे १९८९ चे १८. या दोघांमध्ये जवळपास तीन दशकांचं अंतर आहे. मधून असा मोसम फार क्वचित कोणाच्या वाट्याला येतो.

सुपर बोल ५० मध्ये ब्रॉन्कोजच्या व्हॉन मिलरने काय केलं ते पाहिलेल्यांना सांगायला नको. पहिल्याच क्वार्टरमध्ये तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड काढायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) पँथर्स आपल्याच गोलरेषेजवळ अडकलेले. मिलर उजव्या टॅकलच्या बाहेरून आला आणि त्यांचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटनला नुसतं पाडण्याऐवजी त्याने चेंडूच हिसकावला. मलिक जॅक्सनने तो एंड झोनमध्ये पकडून टचडाउन केला. चौथ्या क्वार्टरमध्ये मिलरने न्यूटनच्या हातून पुन्हा चेंडू उडवला आणि सामना तिथेच संपला. अडीच सॅक, दोन फंबल (हातून सोडवलेले चेंडू) आणि सामन्याचा मानकरी. मधून आलेला दाब बहुतेकदा घाईचा, चुकीचा पास देतो. कडेवरून मागून आलेला हात थेट चेंडू देतो.

आणखी एक गोष्ट आकड्यांत येत नाही, आणि माझ्या मते कडेच्या माणसाची खरी किंमत तिच्यातच आहे. मधल्याला डबल टीम करायला आक्रमणाला फारसं काही गमवावं लागत नाही. सेंटर तसाही मोकळाच असतो. कडेच्या माणसाला दोघांनी अडवायचं तर टाइट एंडला थांबवावं लागतं, नाहीतर रनिंग बॅकला जाता जाता धक्का द्यायला लावावं लागतं. म्हणजे पास घ्यायला जाणारा एक माणूस कमी होतो, किंवा उशिरा निघतो. एक चांगला एज रशर असा मागे पासवर पहारा देणाऱ्या कॉर्नरबॅकचंही काम हलकं करतो.

शिवाय आजचे क्वार्टरबॅक पळतात. लामार जॅक्सन किंवा जॉश ॲलनसमोर कडेला शिस्तीचा माणूस नसेल तर मधून कितीही रेटा लावा, तो बाहेरून निसटून पंधरा यार्ड काढणार. तुमच्या डिव्हिजनमध्ये असा एखादा असेल, तर दरवर्षी दोनदा त्याच्याशी गाठ आहे हे निवडीआधीच लक्षात घ्या.

एका डावात दोन्ही कामं

तरीही मी मधल्याकडे झुकतो, आणि त्याचं कारण सुपर बोल ५६ चा शेवट. डोनल्डचे रॅम्स २३-२० ने पुढे, मिनिटभराहून कमी वेळ उरलेला. बेंगल्सना तिसऱ्या डाउनला एक यार्ड हवा होता. समाजे पेरिन चेंडू घेऊन मध्ये घुसला आणि डोनल्डने त्याला धरून तिथेच थांबवला. चौथा डाउन, अजूनही एकच यार्ड. बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरोने शॉटगनमधून स्नॅप घेतला. डोनल्डने गार्डला क्षणात बाजूला सारलं, बरोच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला गरकन फिरवलं. बरोने पडता पडता चेंडू कसाबसा पुढे टाकला, तो कोणाच्याच हाती लागला नाही. संपलं. एकाच माणसाने लागोपाठच्या दोन डावांत आधी धाव अडवली, मग पास मोडला. दुसऱ्या डावात कडेवर, तेव्हा रॅम्सकडून खेळणारा, व्हॉन मिलर होता, त्यामुळे डोनल्डकडे सगळं लक्ष वळवता आलं नाही, हेही खरं.

कडेचा माणूस धाव अडवतो, पण धाव त्याच्यापासून दूर नेता येते. मधल्यापासून ती दूर नेणं अवघड. तो सगळ्या वाटांच्या तोंडावरच बसलेला असतो. पास रशला संधी मिळते ती तिसऱ्या डाउनला आठ-दहा यार्ड उरले तरच. पहिल्या दोन डाउनला मधून पाच-पाच यार्ड जात असतील, तर कडेला कितीही मोठं नाव उभं करा, त्याची पाळीच येत नाही.

फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल ५९ पुन्हा बघायचा असेल तर ईगल्सचा मधला जेलन कार्टर याच्यावर नजर ठेवून बघा. २०२३ च्या ड्राफ्टमधली नववी निवड. त्या रात्री त्याच्या नावावर एकही सॅक नाही. पण कॅन्सस सिटीने डावा टॅकल लंगडा पडला म्हणून आपला उत्तम गार्ड जो थूनी टॅकलला हलवला होता, त्यामुळे मधली बाजू पातळ झाली होती. दोन-दोन जण कार्टरच्या मागे लागले आणि बाकीच्यांना एकास एक सामना मिळाला. तिसऱ्या फेरीत घेतलेला मिल्टन विल्यम्स मधून दोन सॅक करून गेला, चौथ्या फेरीतला जॉश स्वेट कडेवरून अडीच. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स सहा वेळा सॅक झाला आणि ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे जादा माणसं धाडली नाहीत. चार जणांनीच हे केलं, सात जण मागे पासवर पहारा द्यायला मोकळे राहिले. एकटा मधला असेल तर सेंटर त्याला गिळतो. मधले दोन चांगले असतील तर सेंटरने कोणाकडे जायचं?

पैशाचं गणित

इथे दोघांत सगळ्यांत मोठी तफावत आहे. २०२५ च्या मोसमाला सुरुवात झाली तेव्हा पार्सन्सचा दर वर्षाला ४ कोटी ७० लाख डॉलर होता. मधल्यांमध्ये सगळ्यांत महाग क्रिस जोन्स, त्याचा २०२४ चा करार वर्षाला ३ कोटी १७ लाख ५० हजारांचा. दीड कोटीचा फरक. एवढ्यात एक चांगला गार्ड किंवा सेफ्टी (बचावाच्या शेवटच्या फळीतला माणूस) येतो. सुपर बोलनंतर पेट्रिअट्सनी मिल्टन विल्यम्सला वर्षाला २ कोटी ६० लाख दिले तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली, पण त्या पैशांत पहिल्या प्रतीचा एज रशर बाजारात, म्हणजे करार संपून मोकळ्या झालेल्यांत, मिळतच नाही.

आता ड्राफ्टमध्ये हेच गणित उलटं फिरतं. नवख्याचा पगार जागेवरून नाही, निवडीच्या क्रमांकावरून ठरतो. पाचव्या क्रमांकावर एज घ्या की डिफेन्सिव्ह टॅकल, चार वर्षं पैसे तेवढेच. मग जो बाजारात जास्त महाग, तो ड्राफ्टमध्ये मिळाला तर बचत जास्त. या एकाच कारणाने बरोबरीच्या दोन मुलांत मी कडेचा घेईन आणि मधला बाजारातून विकत आणेन.

मात्र डोनल्ड, जोन्स यांच्या तोडीचे मधले बाजारात येतच नाहीत. टीम त्यांना सोडत नाही. तसा एखादा ड्राफ्टमध्ये दिसला तर वरचं गणित बाजूला ठेवावं लागतं. आणि ते दिसतात तेव्हाही ओळखले जातातच असं नाही. डोनल्ड २०१४ मध्ये तेराव्या क्रमांकावर गेला, कारण सहा फूट एक इंच आणि २८५ पौंडांचा डिफेन्सिव्ह टॅकल लोकांना लहान वाटला. क्रिस जोन्स २०१६ मध्ये दुसऱ्या फेरीत, सदतिसावा.

कॉलेजची फिल्म बघताना

मधल्याचे सॅक मोजू नका. गार्ड दर डावाला किती मागे सरकतो आणि क्वार्टरबॅकला पाय हलवावे लागतात का, ते बघा. पहिला हात कोणाचा बसतो ते बघा. नुसता ३३० पौंडांचा, जागा अडवून बसणारा गडी धावेसाठी ठीक, पण त्याच्यासाठी पहिल्या फेरीची निवड घालवू नये. असे तिसऱ्या-चौथ्या फेरीत मिळतात.

कडेच्या मुलाचा पहिला झपाटा सगळ्यांनाच दिसतो. तुम्ही चौथ्या क्वार्टरमधला बघा. टॅकलने बाहेरची वाट बंद केल्यावर त्याच्याकडे आत वळायचा दुसरा डाव आहे का? वळताना घोटा आणि कंबर झुकतात की तो मोठा वळसा घेऊन क्वार्टरबॅकच्या मागून निघून जातो? दुसऱ्या प्रकारचे रशर कॉलेजात दुबळ्या टॅकलसमोर दहा-बारा सॅक करतात आणि एनएफएलमध्ये हरवतात.

आणि तुमच्या टीमकडे आधी काय आहे ते पाहा. कडेला एक तरी भरवशाचा असेल आणि मधून कोणीच पोचत नसेल, तर आणखी एक एज घेऊन फार फरक पडणार नाही. क्वार्टरबॅक पुढे पाऊल टाकतच राहील. मध्ये दोघे तगडे आहेत पण क्वार्टरबॅक दर वेळी बाहेरून सुटतोय, तर उलट करा. दोन्हीकडे भोक असेल आणि निवड पहिल्या दहातली असेल, तर त्या वर्षीच्या यादीत डोनल्डच्या जातीचा कोणी आहे का, एवढंच आधी विचारा. नसेल तर एज घ्या, आणि मार्चमध्ये मिल्टन विल्यम्ससारखा कोणी बाजारात आला की त्याच्यासाठी दोन-अडीच कोटी राखून ठेवा.