सुपर हँग-ऑन की टीम सुझुकी?

अमिगा या कमोडोरच्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या गेमांपैकी एकच खेळायची असेल, तर माझ्या मते निवड या दोघींतच आहे.

सुपर हँग-ऑन ही मुळात सेगाची १९८७ची आर्केड गेम, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशिनवरची. घरच्या कॉम्प्युटरवर ती इलेक्ट्रिक ड्रीम्स या कंपनीने आणली. आफ्रिका, आशिया, अमेरिका आणि युरोप असे चार मार्ग. आफ्रिकेत ६ टप्पे, युरोपात थेट १८. बाकीचे स्वार वाटेत येतात, पण खरी झुंज घड्याळाशी. आर्केडवर गाडी ताशी २८० किमीला पोचली की टर्बो दाबायचा, काटा ३२४पर्यंत जातो. वळणाच्या तोंडाशी टर्बो सोडला नाही, की गाडी बाहेर फेकली जाते, कडेच्या पाटीवर आदळते, आणि आपण सावरेपर्यंत सेकंद सरत राहतात. आपल्यापैकी कित्येकांची पहिली बाइक शर्यत म्हणजे विंडोजवरची रोड रॅश. त्या सवयीच्या माणसाचा हात इथे पाच मिनिटांत बसेल.

टीम सुझुकीवर मात्र माझा जीव जास्त आहे. ग्रेमलिन या गेम कंपनीने ती १९९१ मध्ये काढली. त्या काळात ५०० सीसीच्या सुझुकीवर अमेरिकन रेसर केव्हिन श्वान्ट्झ बसायचा, पुढे १९९३ला तो जगज्जेता झाला. गेममध्ये चित्रं सपाट रंगांच्या पॉलिगॉनची, म्हणजे बहुभुजांची, दिसायला अगदी साधी, पण पळतात वाऱ्यासारखी. गाडी माऊसने कलवायची. माऊस जरासा सरकवला की अख्खं क्षितिज तिरकं होतं. आणि हात एवढासा जास्त गेला तरी आपण गवतात. पहिल्या दिवशी चिडचिड होणारच. १२५ सीसीपासूनच सुरुवात करा, त्याच ट्रॅकवर वीस-पंचवीस फेऱ्या मारा, २५० आणि ५०० नंतर. एकदा वळणाच्या आधी वेग उतरवून, आतली कड धरून, बाहेर पडताना गाडी सरळ करत थ्रॉटल दिला, की ती फेरी दिवसभर डोक्यात घोळत राहते. सुपर हँग-ऑनमध्ये मला हे सुख कधी मिळालं नाही.

एखादीच संध्याकाळ मोकळी असेल तर सुपर हँग-ऑन, आणि तीही आफ्रिकेपासून. आठवडाभर रोज अर्धा तास देणार असाल तर टीम सुझुकीच घ्या.

आजच्या कॉम्प्युटरवर खेळायचं तर इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशिनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अमिगा ५०० हे मॉडेल आणि किकस्टार्ट १.३ ही त्याची सिस्टिम रॉम निवडा. सुपर हँग-ऑनला कीबोर्ड पुरतो. टीम सुझुकी लॅपटॉपच्या टचपॅडवर अजिबात खेळू नका. खरा माऊस जोडा आणि टेबलावर त्याला वीतभर जागा ठेवा.