मंडळाचे उरलेले पैसे आणि वस्तीचं आरोग्य: शिबिर, घरभेटी की संडासाची दुरुस्ती?

गणपतीचं विसर्जन झालं, हिशेब मांडला आणि वर्गणीतून बरी रक्कम उरली. यंदा ती आरोग्याच्या कामाला लावायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. फाटे त्यानंतर फुटतात. कुणी म्हणतं शिबिर घेऊ. कुणी म्हणतं वस्तीतल्याच चार बायका तयार करू, त्या घरोघरी जातील. आणि मागच्या रांगेतून एखादी काकू म्हणते, आधी त्या संडासाला कड्या बसवा.

मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांत हे तिन्ही प्रकार मी जवळून पाहिलेत, म्हणून ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी हा आढावा. मनात धरलेली वस्ती अशी: तीन-चारशे घरं, एक सार्वजनिक शौचालय, नळाला ठरावीक वेळी पाणी, पालिकेचं आरोग्य केंद्र चालत पंधरा-वीस मिनिटांवर, शीव किंवा राजावाडी रुग्णालय बसच्या अंतरावर. मंडळाकडे पन्नास हजार ते लाखभर रुपये आणि आठ-दहा कार्यकर्ते. पैशाचा मुद्दा मी फार ताणणार नाही, कारण एवढ्या रकमेत तिन्ही कामं सुरू होऊ शकतात. बघायचं ते हे की काम ठरवलं कोणी, सहा महिन्यांनी त्यातलं काय उरतं आणि त्यातून कोण सुटून जातं.

शिबिर

शिबिराची सर्वांत मोठी सोय म्हणजे ते होतं. तारीख ठरते, मांडव पडतो, डॉक्टर येतात, संध्याकाळपर्यंत आवरतं. फोटो निघतात, नगरसेवक येऊन जातात. यात टिंगल करण्यासारखं काही नाही. ज्या मंडळाने आजवर आरतीपलीकडे काही केलेलं नाही, त्याला सुरुवात करायला ते सोपं पडतं.

प्रश्न दुसऱ्या दिवशीपासून सुरू होतो. पालिकेने २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने केलेल्या सर्वेक्षणात १८ ते ६९ वयोगटातल्या मुंबईकरांपैकी ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे तुमच्या शिबिरात दोनशे जण आले, तर साठ-सत्तर जणांच्या चिठ्ठीवर बीपी वाढलेलं निघणारच. ती चिठ्ठी घरी जाते आणि रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पडते. गोळी रोज घ्यायची, ती कुठून आणायची, संपल्यावर काय करायचं, हे सांगायला तिसऱ्या आठवड्यात तिथे कोणी नसतं. पुढच्या वर्षीच्या शिबिरात तीच मावशी तेच बीपी घेऊन येते. कार्यकर्ते तिला ओळखतात, हसून पुढे बसवतात, आणि अहवालात ती नवीन लाभार्थी म्हणून मोजली जाते.

शिबिराला कोण येतं तेही बघा. रविवारी सकाळी अकराला घरी असतात ती म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. धुण्याभांड्याला गेलेली बाई, नाक्यावर उभा राहणारा बिगारी, ऑर्डरी पोचवणारा पोरगा यांपैकी कोणी येत नाही. बीपी नेमकं तिशी-चाळिशीत पकडायचं असतं, आणि ती सगळी माणसं कामावर असतात.

तरी काही कामांना शिबिरच बरं. चष्म्याचा नंबर काढून चष्मा देणं, मोतीबिंदूवाल्यांना शोधून ऑपरेशनपर्यंत पोचवणं, राहिलेलं लसीकरण उरकणं ही एकदा केली की संपणारी कामं आहेत. जे दुखणं जन्मभर सांभाळायचं, त्याला एका दिवसाचा मांडव पुरत नाही. शिबिर घेणारच असाल तर संध्याकाळी सात ते दहा ठेवा. आणि ज्याचा उपचार आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या 'आपला दवाखान्यात' मोफत मिळतो, तेवढ्याच तपासण्या करा. बाकीच्या तपासण्या करून लोकांच्या हातात नुसती भीती द्यायची नाही. आणखी एक: माईकवरून आकडे सांगू नका. कुणाची साखर किती हे सगळ्या गल्लीला कळण्याचं काही कारण नाही.

घरभेटी आणि बायकांचे गट

या प्रकाराला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्या, अनेकदा निरक्षर, बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्यातला एक तपशील मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. गावकऱ्यांची मागणी दवाखान्याआधी पाण्याची होती, म्हणून तिथे बोअरवेल खोदल्या गेल्या, आणि त्या दलित वस्तीत घेतल्या. पाणी हवं असेल तर सवर्णांनीही तिथेच यायचं. गावाला काय हवं ते गावाने सांगितलं. पण नळ कुठे लागेल हा प्रश्न 'गावाच्या एकमतावर' सोडला नाही. लोकसहभाग म्हणताना आपण बहुतेकदा ज्यांचा आवाज मोठा त्यांचाच सहभाग धरतो, म्हणून हे सांगितलं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं होतं. झारखंड-ओडिशात 'एकजुट' संस्थेने बायकांच्या गटांच्या बैठका घेतल्या. तिथेही नवजात मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटल्याचं २०१० मध्ये छापून आलं.

हे वाचून कोणालाही वाटेल की ठरलं, गट काढू. जरा थांबा. हाच प्रयोग मुंबईत झालाय. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'स्नेहा' संस्थेने मुंबईतल्या ४८ वस्त्यांत चाचणी केली: निम्म्या वस्त्यांत बायकांचे गट, निम्म्यांत नाहीत. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. तपासण्या, प्रसूतीची काळजी, नवजात मृत्यू यांपैकी कशातच गटांमुळे सुधारणा दिसली नाही.

संस्थेने हे लपवलं नाही, याचं मला फार कौतुक आहे. आणि विचार केला तर कारणं आपल्या डोळ्यांसमोरच आहेत. गडचिरोलीत दवाखाना लांब होता. मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीपासूनच रुग्णालयात होत होती. माहितीची उणीव भरून काढायला इथे तेवढी जागाच नव्हती. शिवाय वस्तीत भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतात, बायका कामावर जातात, आणि एकाच गल्लीत आझमगढ, जालना आणि तिरुनेलवेली शेजारी-शेजारी नांदतात. गावातल्या पारासारखी सगळ्यांना एकत्र आणणारी जागा इथे नाही.

म्हणून मुंबईत घरभेटी घ्यायच्या त्या उपदेशासाठी नव्हे, पाठपुराव्यासाठी. क्षयरोगाचंच बघा. साध्या क्षयाचा उपचारही सहा महिने चालतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात ताकद येते आणि माणूस गोळ्या सोडून कामावर जातो. नेमक्या त्या टप्प्यावर दाराशी येऊन 'भाऊ, डबी दाखव बरं' म्हणणारी ओळखीची बाई असेल तर उपचार पुरा होतो. पोषणासाठी सरकारकडून मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये झाली आहे. ती खात्यात येते की नाही, बँकेचा तपशील चुकलाय का, हे बघणं हेही तिचंच काम. तिच्या पिशवीत एक डिजिटल बीपी मशीन, एक वही आणि आरोग्य केंद्राचा फोन नंबर एवढं असलं तरी पुष्कळ झालं. शिबिरात सापडलेली ती मावशी इथे मार्गी लागते.

नवीन गट काढण्याआधी चौकशी करा. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती असते आणि तिला वर्षाला ५००० रुपयांचा निधी मिळतो. तुमच्या वस्तीत ती कागदावर असण्याची शक्यता आहे. पालिकेच्या आरोग्य सेविकाही फिरत असतात. त्यांच्याशी स्पर्धा लावण्यापेक्षा त्यांना बैठकीला बोलवा.

आणि बायकांकडून फुकट काम करून घेऊ नका. पालिकेच्या आरोग्य सेविका कामगार म्हणून मान्यता मिळावी म्हणून वर्षानुवर्षं भांडताहेत. बॅनरवर अध्यक्ष-उपाध्यक्ष-खजिनदार यांचे फोटो आणि उन्हात पाय मात्र बायकांचे, हा प्रकार मंडळांत फार चालतो. महिन्याला ठरावीक मानधन द्या, थोडं का होईना. ते देणं जमत नसेल तर हा पर्याय तुमच्यासाठी नाही.

संडास, पाणी, उजेड

आता मागच्या रांगेतली काकू. तिचं म्हणणं आरोग्याचं नाहीच, सोयीचं आहे, असं कार्यकर्त्यांना वाटतं. पण वस्तीतल्या बायकांशी बोला. पुरुष नसताना, वेगळं बसून. संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही, असं एकीने सांगितलं की बाकीच्या माना डोलावतात. कारण रात्री संडासात बल्ब नाही, तीन दरवाज्यांच्या कड्या तुटल्यात, बोळाच्या तोंडाशी पोरं बसलेली असतात. लघवीच्या जागी जळजळ, सारखा होणारा संसर्ग, दिवसभर डोकं दुखणं, यांचं मूळ बऱ्याचदा त्या कडीत असतं. तिच्यावर शिबिरात गोळी मिळेल, पण कडी मिळणार नाही. लहान पोरांना आत सोडायला आया घाबरतात म्हणून पोरं गटारावर बसतात, आणि जुलाबाची साथ तिथूनच फिरते.

या कामातही मुंबईचा स्वतःचा इतिहास आहे. 'स्पार्क' ही संस्था १९८४ मध्ये इथे सुरू झाली. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी 'महिला मिलन' उभं केलं. जोकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ त्यांच्या जोडीला होता. त्यांची पद्धत साधी: आधी आपली घरं आपण मोजायची, आपला नकाशा आपण काढायचा, आणि ते आकडे घेऊन सरकारपुढे बसायचं. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून पालिकेने वस्ती स्वच्छता कार्यक्रम राबवला. त्यात शौचालय बांधण्याआधी वस्तीने संस्था नोंदवायची, वर्गणी भरायची आणि देखभाल अंगावर घ्यायची अशी अट होती. जिथे संस्था खरोखर वस्तीची होती, तिथे कुटुंबांचे मासिक पास, राखणदाराला राहायला खोली, वेळच्या वेळी टाकी उपसणं असं बरंच टिकलं. जिथे संस्था एखाद्या दादाच्या खिशात होती, तिथे ते पैसे कमावायचं दुकान झालं. कागदावर मात्र दोन्हीकडे 'लोकसहभाग' असाच शेरा.

अडचणी? पहिली मालकीची. शौचालय पालिकेचं, म्हाडाच्या झोपडपट्टी सुधार मंडळाचं की आमदार निधीतलं, हे आधी शोधा. बल्ब, कड्या, बादल्या, रंग यांना कोणी हरकत घेत नाही. पण टाकी, जिना, स्लॅब यांना हात लावू नका. मानखुर्दला २०१७ मध्ये शौचालयाची जमीन खचून माणसं मैल्याच्या टाकीत पडली आणि दगावली. तडे दिसत असतील तर मंडळाने तिथे फरशी बसवायची नाही; वॉर्ड ऑफिसला लेखी कळवायचं, पोच घ्यायची आणि पाठ सोडायची नाही. दुसरी अडचण वेळेची: कड्या एका रविवारी बसतात, पाण्याची जोडणी मिळवायला वर्षं जातात. 'पाणी हक्क समिती'च्या याचिकेवर उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की वस्ती अनधिकृत असली तरी माणसांना पाणी नाकारता येत नाही. हा निकाल माहीत असेल तर अर्ज करणाऱ्याचा आवाज बदलतो, पण पाइप आपोआप येत नाही.

काही गोष्टी मंडळाच्या आवाक्याबाहेरच्या असतात. गोवंडी-मानखुर्दकडच्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडच्या पुनर्वसन इमारतींवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, आणि क्षयाचं प्रमाण जास्त. अशा ठिकाणी लाख रुपये खर्चून हवा येणार नाही. तिथे घरभेटींवरच पैसे घाला.

मग निवडायचं काय

माझं मत विचाराल तर शिबिराचा क्रम शेवटचा. उरलेल्या दोनांत, तुमच्याकडे झोपड्यांची वस्ती आणि एकच शौचालय असेल तर तिथून सुरुवात करा, कारण काम दिसतं आणि त्यातून बायकांचा विश्वास बसतो. त्याच बायका पुढे घरभेटींना तयार होतात. उलट क्रमाने, आधी सल्ला आणि मग कडी, हे मी फारसं यशस्वी झालेलं पाहिलेलं नाही. चाळ किंवा एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) इमारत असेल आणि घरात संडास असेल, तर सरळ घरभेटी. बीपी, मधुमेह, क्षय यांवर लक्ष. मंडळात वर्षभर टिकणारे दोन माणसंही नसतील तर प्रामाणिकपणे चष्म्यांचं शिबिर घ्या आणि उरलेले पैसे वस्तीत आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला द्या. त्यात कमीपणा नाही.

एकाचीच निवड करायला हवी असंही नाही. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हा तिन्ही गोष्टी एकदम कराव्या लागल्या: तापाची शिबिरं, दारोदार तपासणी, सार्वजनिक शौचालयं दिवसातून अनेकदा धुणं. वस्तीतले खासगी डॉक्टर पालिकेबरोबर गल्ल्यांतून फिरले. लोकांनी दार उघडलं, त्यात समोरचा डॉक्टर ओळखीचा असण्याचा वाटा मोठा होता.

ठरवण्याआधी एक काम मात्र कराच. पहाटे पाच ते सात शौचालयाबाहेर उभे राहा आणि रांगेतल्या बायकांशी बोलण्यासाठी मंडळातल्या बायकांनाच पाठवा. मंडळात बायका नसतील तर आधी त्या घ्या, किमान खर्चाच्या खात्यावर सही करण्यापुरती तरी एक. शौचालयाचं ठरलं, तर टाकी उपसण्याचा अर्ज मार्चमध्येच टाका. मे उजाडला की पावसाळ्याच्या धास्तीने सगळ्या वस्त्यांचे अर्ज एकदम येतात आणि तुमची पाळी जूनमध्ये, गटार तुंबल्यावर लागते.