एक रुपया टाकून बघितला होता, तरी ४,८६,३२० रुपये गेले

आकडा आधी सांगून टाकते, नंतर सांगताना जीभ अडखळते. चार लाख शहाऐंशी हजार तीनशे वीस रुपये. शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजून ५२ मिनिटांनी आरटीजीएसने (मोठी रक्कम लगेच पोचवणारी बँकेची सोय) चोराच्या खात्यात गेले आणि मंजुरीचं बटण मी स्वतः दाबलं. कोणी फोनवर धमकावलं नव्हतं, कोणाला ओटीपी सांगितला नव्हता, कुठलं ॲप उतरवलं नव्हतं. भेटेल तो पहिल्यांदा हेच विचारतो, म्हणून आधीच लिहिते.

माझा कोरुगेटेड (नालीदार पुठ्ठ्याच्या) खोक्यांचा लहान कारखाना आहे, चौदा माणसं कामाला. क्राफ्ट पेपरचे रीळ वापीकडच्या एका मिलमधून येतात. नऊ वर्षांचा व्यवहार आणि तीस दिवसांची उधारी. त्या महिन्यात बिलाला छत्तीस दिवस झाले होते. आधीचे पैसे आल्याशिवाय पुढचा लोड सुटणार नाही, असा मिलचा निरोप येऊन पडला होता. गोदामात दोन दिवसांचाच कागद उरला होता. तेव्हा मी घाईत होते ती हौस म्हणून नव्हे.

मी बी.कॉम. आहे. नंतर संध्याकाळच्या कॉलेजातून एलएल.बी. केलं, मधे कॉम्प्युटरचा डिप्लोमाही केला. हे मिरवण्यासाठी सांगत नाही, यातच माझी जखम आहे. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची, हे मला माहीत होतं. खोटा मेल कसा असतो हे माहीत होतं. धनकोच्या हातात पैसे पडल्याशिवाय देणं फिटत नाही, हेही मी परीक्षेत लिहून आले होते. पण त्या शुक्रवारी या तीन गोष्टींची एकमेकींशी गाठच पडली नाही. हिशेबाचं ज्ञान टॅली या सॉफ्टवेअरपुरतं, कॉम्प्युटरचं अँटिव्हायरसपुरतं आणि कायद्याचं भाडेकरार वाचण्यापुरतं. चोर या तिन्हींच्या मधल्या फटीतून आत आला.

चालू पत्रव्यवहारात घुसून खाते नंबर बदलण्याचा हा प्रकार धंद्यातल्या बहुतेकांनी ऐकलेला असतो. मीही ऐकला होता. मेल आला तो जुन्याच मेलच्या साखळीत. खाली आमचं आधीचं सगळं बोलणं, रिळांची मापं, जीएसएम (कागदाचं वजन), बिलाचा नंबर, पैशापर्यंत बरोबर रक्कम. वर दोन ओळी: आमच्या नेहमीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळी सोबतच्या खात्यावर पाठवावं. जोडीला लेटरहेड आणि कॅन्सल्ड चेक. मिलच्या नावात एक 'एम' आहे. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात त्याजागी 'आर' आणि 'एन' अशी दोन अक्षरं शेजारी शेजारी होती. इंग्रजी बारीक अक्षरांत ती जोडी हुबेहूब 'एम' दिसते. मी आता ते पान मोठं करून दाखवते तेव्हा सगळ्यांना लगेच दिसतं. दाखवल्यावर दिसणारच.

अकाउंट बघणारी मुलगी तेवीस वर्षांची आहे. नवीन खातं जोडताना बँकेच्या पानावर खातेदाराचं नाव येतं, ते तिने वाचलं. (रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी ही सोय द्यायला बँकांना सांगितलं होतं. ती वापरा. नाव दिसतं का हे आपल्या बँकेला विचारून घ्या.) ती म्हणाली, "ताई, नाव जुळत नाही. मिलचं नाव नाही, कुठलं तरी एंटरप्रायझेस येतंय. आणि आयएफएससी, शाखेचा कोड, तो पण वापीचा नाही, लांबच्या राज्यातला आहे."

इथे थांबायला हवं होतं. मी ही जागा मनात किती वेळा फिरवली असेल त्याची मोजदाद नाही. रात्री अडीच वाजता जाग येते ती याच वाक्याला. मी काय म्हणाले? "मोठ्या मिलच्या चार चार कंपन्या असतात गं. शंका असेल तर एक रुपया टाकून बघ."

आम्ही एक रुपया टाकला. मग मी त्याच मेलला उत्तर लिहिलं: एक रुपया पाठवला आहे, मिळाला का कळवा. अकरा मिनिटांत उत्तर आलं: मिळाला, बाकीचे पाठवावेत.

अकरा मिनिटांत! नऊ वर्षांत त्या मिलच्या अकाउंट्सवाल्यांनी दुसऱ्या दिवसाच्या आत एका मेलला उत्तर दिलेलं नाही. लेजरची नक्कल मागितली तरी आठवडा जातो. शुक्रवारी संध्याकाळी, माणसं घरी जायच्या वेळेला, अकरा मिनिटांत उत्तर येतं आणि मला त्यात तत्परता दिसते. नाव चुकीचं आहे हे समोर लिहून आलं होतं आणि ते मी चोराच्याच तोंडून खरं करून घेतलं. एक रुपया टाकून बघा, असा सल्ला सगळे देतात. पण तो मिळाला की नाही हे ज्याने खाते नंबर दिला त्यालाच विचारलंत तर त्या रुपयाने काहीही सिद्ध होत नाही. फोन करा. आणि लेटरहेडवरच्या नंबरावर करू नका, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरावर करा. त्या लेटरहेडवरचा नंबरसुद्धा बदललेला होता.

आमच्या बँकेच्या लॉगिनला मेकर आणि चेकर वेगळे आहेत. ती मेकर म्हणजे नोंद करणारी, मी चेकर म्हणजे तपासून मंजुरी देणारी. कागदावर सगळं नियमाप्रमाणे. पण जिला तपासायचं होतं तिने तपासलंच नाही. जिने तपासलं ती पगारी मुलगी, आणि तिचं मालकिणीपुढे चाललं नाही. घरच्या किंवा लहान कारखान्यांत हेच होतं. म्हणून आता नियम लिहून लावला आहे: नवीन खातं आणि बदललेलं खातं यावर त्याच दिवशी पैसे जाणार नाहीत, आणि तिने नाही म्हटलं तर मीही हो म्हणू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवारी ११ वाजून २० मिनिटांनी मिलमधल्या नेहमीच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, पेमेंट कधी टाकताय?" मी म्हणाले, शुक्रवारीच टाकलं. तो म्हणाला, कुठे? त्यानंतरचा अर्धा तास मला सलग आठवत नाही. मधे पासष्ट तास गेले होते. आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं. म्हणजे शनिवार-रविवारी शाखा बंद होत्या, चोराचं काम बंद नव्हतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरावर तक्रार केली, पोचनंबर मिळाला. पैसे तोपर्यंत तीन खात्यांतून पुढे सरकले होते, बराचसा भाग एटीएममधून निघाला होता. तिसऱ्या खात्यात ६१,४५० रुपये गोठवले गेले. एवढेच. १९३० फोनमध्ये आत्ता साठवून ठेवा, वेळ आल्यावर शोधायला बोटं चालत नाहीत.

चोर आत कसा आला ते एका ओळखीच्या मुलाने शोधलं. दोषी माझीच मेलपेटी निघाली, मिलची नाही. तीन आठवड्यांपूर्वी 'तुमची मेलपेटी भरली आहे' असा मेल आला होता आणि तिथे मी पासवर्ड टाकला होता. पासवर्ड घेऊन त्याने सेटिंगमध्ये एक नियम घालून ठेवला: ज्या मेलमध्ये बिल किंवा पेमेंट हे शब्द असतील त्याची प्रत बाहेरच्या पत्त्यावर जावी, आणि मिलचे खरे मेल मी कधीच न उघडणाऱ्या एका फोल्डरमध्ये पडावेत. तिथे मिलची खरी आठवण पत्रं पडलेली सापडली, तीन, न वाचलेली. पासवर्ड बदलला तरी असा नियम जात नाही. तो हाताने काढावा लागतो. आज आपापल्या मेलचं फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघा. दोन टप्प्यांची पडताळणी मी बंद ठेवली होती, कारण मेलपेटी आम्ही तिघं वापरायचो आणि कोड एकाच्याच फोनवर यायचा. हे कारण तेव्हा अगदी पटण्यासारखं वाटलं होतं.

एकाने मला सुनावलं की एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेलच्या तपासण्या लावल्या असतंत तर वाचला असतात. नाही. या तपासण्या तुमच्याच डोमेनच्या (मेलच्या पत्त्यात @ नंतर येतं त्या) नावाने पाठवलेला खोटा मेल पकडतात. चोराने मिलसारखं दिसणारं स्वतःचं डोमेन नऊ दिवसांपूर्वी विकत घेतलं होतं. ते त्याचंच असल्यामुळे मेल सगळ्या तपासण्यांतून स्वच्छ पार झाला.

आता बँक. शाखेत गेले तर "तुम्हीच मंजुरी दिली आहे ना, मग हा अनधिकृत व्यवहार होत नाही" हे एकच वाक्य. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं आहे ते मी छापून नेलं होतं. ते अनधिकृत व्यवहारांसाठी आहे, हे त्यांचं म्हणणं कायद्याने खोडता आलं नाही. नाव जुळत नसताना पैसे जमा कसे झाले, हे विचारलं. तर म्हणे रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकाप्रमाणे जमा फक्त खाते नंबरावर होते, नाव बघण्याचं बंधन नाही. मग तुमच्या फॉर्मवर नावाचा रकाना कशाला ठेवलाय? नऊ वर्षं मी तो रकाना भरताना सुरक्षित आहे असं समजत होते. आणि ज्या बँकेने त्या चोराला खातं उघडून दिलं, ओळख पटवून घेतली, एरवी रिकाम्या खात्यात पावणेपाच लाख येऊन एका रात्रीत बाहेर जाताना पाहिले, तिला मी म्हणे काही विचारूच शकत नाही, कारण मी तिची ग्राहक नाही!

पोलिसांत पहिल्या दिवशी सांगितलं, खातं परराज्यात आहे, तिकडे जा. मी म्हणाले, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. समोरचा माणूस माझ्याकडे असा बघायला लागला की मीच काहीतरी लपवते आहे. अर्ज देऊन जा म्हणाले. अर्ज दिला. तिथून सायबर शाखेत, सायबर शाखेतून रक्कम लहान आहे म्हणून परत पोलीस ठाण्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, आणि साहेब बंदोबस्ताला. एकाने तर सरळ विचारलं, "एवढं शिकून कशा फसलात?" हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते, तो मला विचारण्यासाठी सरकार त्यांना पगार देत नाही. फिर्याद नोंदवून घेत नाहीत म्हणून १७३(४) खाली वरिष्ठांना टपालाने लेखी पाठवलं, तेव्हा एकोणिसाव्या दिवशी गुन्हा दाखल झाला. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८(४), आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-सी (ओळख चोरणं) आणि ६६-डी (दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं). एकोणीस दिवस! खात्यातून पैसे जायला एक रात्र पुरते.

पुराव्याबद्दल नीट ऐका, कारण इथेही मला चुकीचं सांगितलं गेलं. मेलची प्रिंट द्या म्हणाले. प्रिंटमध्ये हेडर (मेलच्या प्रवासाची तांत्रिक नोंद) येत नाही, आणि मेल कुठून निघाला ते हेडरमध्येच असतं. मेल फॉरवर्ड करू नका, मूळ फाइल म्हणून उतरवून ठेवा, त्याची हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा अंक-अक्षरांचा ठसा) काढून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग आपण भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. आणि घाबरून कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका. त्या ओळखीच्या मुलाने थांबवलं नसतं तर मी सोमवारी दुपारीच केला असता.

मिलला मी पैसे पुन्हा दिले. तीन हप्त्यांत, ४,८६,३२० चेच. त्यांच्याशी वाद घालायला जागा नव्हती, माल मी घेतला होता आणि त्यांना दमडी मिळाली नव्हती. सीएंनी अजून एक गोष्ट लक्षात आणून दिली: पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे पोचले नाहीत तर जीएसटीचं घेतलेलं क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) व्याजासकट परत करावं लागतं. टॅलीमध्ये बिल फिटलेलं दिसत होतं. टॅलीत फिटलं म्हणजे फिटलं नव्हे. अशी नोंद करून ठेवली असेल तर आधी ती उलटवा.

नुकसानभरपाईसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे दावा करता येतो, पाच कोटींपर्यंतचे दावे तिथे चालतात. पोलीस ठाण्यात किंवा बँकेत हे मला एकानेही सांगितलं नाही. दोन्ही बँकांविरुद्ध तो दावा मी तयार करते आहे, स्वतःच लिहिते आहे. खातं उघडताना ओळख कशी पटवली याचे कागद मागणार आहे.

गोठवलेले ६१,४५० सोडवण्यासाठी कोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज दिला आहे. पहिल्या तारखेला पोलिसांचा अहवाल आला नव्हता, दुसऱ्या तारखेलाही नव्हता. तिसरी पुढच्या महिन्यात आहे. अर्जासोबत मिलच्या त्या बिलाची छायाप्रत जोडायची होती. कपाटातून बिल काढलं तर कोपऱ्यात पेन्सिलीने त्या मुलीच्या अक्षरात लिहिलेलं होतं: नाव जुळत नाही, ताईंना सांगितलं. खाली तारीख आणि वेळ, ४.२५. वकील म्हणाले खोडून टाका, आपल्या विरुद्ध जाईल. मी खोडलं नाही, तशीच प्रत जोडली.